भायखळ्याचं रेसकोर्स आणि गावोगावची हरवलेली शर्यतीची मैदानं

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

घोड्यांच्या शर्यतींच्या जुन्या, आता नाहीशा झालेल्या मैदानांविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. एका पत्राला बरंच मोठं उत्तर दिलं आहे, कारण त्यातली अडचण अनेक गावांची आहे.

प्रश्न : आमच्या चाळीतली जुनी मंडळी सांगत की मुंबईचं रेसकोर्स आधी भायखळ्याला होतं. आज तिथे क्रिकेट खेळायला जागा मिळत नाही, मग घोडे धावत होते कुठे? आणि ते मैदान गेलं का? (एक वाचक, आग्रीपाडा)

उत्तर : जुनी मंडळी बरोबर सांगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून १८८३ पर्यंत मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. १८३३ मध्ये निघालेला भायखळा क्लब आणि त्याच्या आसपासचं सपाट मैदान हा त्यांचा पत्ता. आजच्या भायखळा, आग्रीपाडा आणि मुंबई सेंट्रल यांच्या मधला पट्टा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे साधारण अंदाज येईल.

एवढी सपाट जमीन तिथे आली कशी, हे आधी पाहायला हवं. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी बेटाच्या पोटात शिरायचं. १७८० च्या दशकात वरळीचा बांध, म्हणजे हॉर्नबी वेलार्ड, पुरा झाला आणि ते पाणी अडलं. आत उरली ती खोलगट, दलदलीची, विरळ वस्तीची जमीन. तिला ‘फ्लॅट्स’ म्हणत. भायखळा या पट्ट्याच्या कडेला. १७९३ मध्ये बेलासिस रोड (आजचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग) झाला. माझगाव-भायखळ्याकडे साहेबलोकांचे आणि धनिकांचे बंगले होते, त्यामुळे घोडे आणि प्रेक्षक दोन्ही जवळच. त्या काळी धावत ते मुख्यतः अरबी घोडे. बसरा आणि इराणच्या आखातातल्या बंदरांतून ते जहाजाने मुंबईत उतरत आणि भेंडीबाजाराच्या बाजूच्या तबेल्यांत विकले जात. लष्करासाठी खरेदी इथूनच व्हायची आणि शर्यतीचा घोडाही इथूनच निवडला जायचा. पहिले आगाखान १८४० च्या दशकात मुंबईत आले, त्यांची अरबी घोड्यांची पागा नावाजलेली होती. त्यांच्या नातवाचे, तिसऱ्या आगाखानांचे घोडे पुढे इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकले. त्या घराण्याचा हा नाद मुंबईच्या मातीत रुजला, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

मैदान जाण्याचं एकच कारण शोधू नये. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे भायखळ्यावरून सुरू झाली. १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी निघाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाचा पैसा आला आणि जमिनीचे भाव चढले. गिरण्या, मजुरांच्या चाळी, गोदामं आणि रस्ते सगळीकडून सरकत आले. इथे रेसकोर्सची खरी अडचण कळते. क्रिकेटचं मैदान अर्धं कापलं तरी उरलेल्या अर्ध्यात खेळ चालतो. रेसकोर्सला सलग फेरा लागतो. त्यातून एक रस्ता आरपार गेला की पन्नास एकर जागा असूनही शर्यत होत नाही. म्हणून ही मैदानं हळूहळू आकसत नाहीत, एकदम उठतात.

१८८३ मध्ये शर्यती महालक्ष्मीला गेल्या. तीही त्याच खोलगट पट्ट्यातली जमीन, फक्त समुद्राच्या आणखी जवळची. भायखळ्याकडची उरलीसुरली मोकळी जागा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत संपली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि नागपाडा ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या योजनांपैकी एक होती. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट आणि दोन्हीकडे इमारती अशी ती आखणी. जुन्या मैदानाचं वळण तिच्याखाली दिसेनासं झालं.

तुम्हाला कागदावर पाहायचं असेल तर लॉटन यांच्या १८६५-७२ च्या मोजणीचे नकाशे शोधा. ती मोजणी मैदान हलण्याच्या आधीची आहे. ट्रस्टच्या योजनांनंतरचे नकाशे पाहून काही हाती लागणार नाही.

प्रश्न : माझं मूळ गाव घाटावरचं, पूर्वीच्या एका छोट्या संस्थानातलं. गावाबाहेरच्या माळाला अजून ‘रेसकोस’ म्हणतात. तिथे आता ऊस आणि काही प्लॉट आहेत. खरोखर रेसकोर्स होतं का, किती मोठं, कधी बंद झालं, हे कसं शोधावं? तलाठ्याकडे विचारलं, ‘अशी नोंद नाही’ म्हणाले. (एक वाचक, दादर)

उत्तर : तलाठ्यांनी खरं तेच सांगितलं. महसुली दप्तर सर्व्हे नंबरावर चालतं, नावावर नाही. ‘रेसकोर्सचा नकाशा मिळावा’ असा अर्ज केलात तर ‘आढळ होत नाही’ असा शेरा मारून तो परत येईल. आधी नंबर काढा, मग कागद मागा. क्रम असा ठेवा.

सुरुवात जागेपासून करा. माळाचा आजचा गट नंबर सातबाऱ्यावरून घ्या. एक नंबर पुरत नाही, आजूबाजूचे आठ-दहा घ्या. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या नंबरावर जुना कागद सापडत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा. त्यात कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला ते कळतं. मग त्या जुन्या सर्व्हे नंबरांसाठी चार गोष्टींचा अर्ज करा : जुना गाव नकाशा, आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा लिहिलेली नोंदवही), टिपण (मोजणीच्या वेळचा मापांसह कच्चा नकाशा) आणि त्या नंबरांचे सगळ्यांत जुने फेरफार. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि कागदाचा प्रकार चारही लिहा. यातलं एक राहिलं तरी खेप फुकट जाते. बऱ्याच तालुक्यांचं जुनं दप्तर स्कॅन होऊन सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आलं आहे, तिथे आधी पाहून घेतलं तर प्रवास वाचेल.

आकारबंदात काय पाहायचं? रेसकोर्स एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर क्वचितच असे. ती जमीन सरकारी पड, गायरान, संस्थानची खासगी किंवा छावणीची असायची. आकार, म्हणजे शेतसारा न लागणारा, आसपासच्या नंबरांपेक्षा फार मोठा असा एखादा नंबर दिसला की तिथे थांबा.

आता मोजमाप. आमच्या मते कामाचा निकाल इथेच लागतो आणि लोक नेमकं हेच टाळतात. समजा फेरा एक मैलाचा, म्हणजे १६०९ मीटरचा आहे. दोन्ही टोकांची वळणं १५० मीटर त्रिज्येची धरली तर दोन वळणांत मिळून ९४२ मीटर जातात. उरलेल्या ६६७ मीटरचे दोन सरळ पट्टे, प्रत्येकी सुमारे ३३३ मीटर. म्हणजे फेऱ्याची लांबी साधारण ६३३ मीटर, रुंदी ३०० मीटर आणि आतलं क्षेत्र ४२ एकर. बाहेरून २० मीटर रुंदीची धाव, म्हणजे घोडे पळण्याची पट्टी, धरली तर एकूण ५० एकर. तुमच्या माळावर एवढी सपाट जागा मुळात बसते का, हे आधी तपासा. पंधरा एकराच्या तुकड्यात मैलाचा फेरा बसवणाऱ्या दंतकथा इथेच गळून पडतात.

हाच आकार नकाशावर किती दिसेल तेही काढून ठेवा. एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशावर, तो जेमतेम १० मिलिमीटर लांब आणि पावणेपाच मिलिमीटर रुंद असतो, म्हणून भिंग घेऊन बसा. मैलाला आठ इंच प्रमाणाच्या गाव नकाशावर तोच ८० मिलिमीटर बाय ३८ मिलिमीटर होतो.

एक चूक हमखास होते. जुन्या कागदावर अंतर ‘साखळी’त असतं. साखळ्या दोन : इंग्रजी साखळी ६६ फुटांची आणि आपल्याकडच्या मोजणीतली गुंठ्याची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. फर्लांग ६६० फुटांचा, म्हणजे इंग्रजी १० साखळ्या किंवा गुंठ्याच्या २०. साखळी चुकीची धरली की लांबी दुप्पट किंवा निम्मी होते आणि क्षेत्र थेट चौपट किंवा पाव. खात्री करण्याची सोपी रीत अशी : त्याच नकाशावरचा एखादा लहान, न बदललेला नंबर मोजा आणि आकारबंदातल्या एकर-गुंठ्यांशी ताडून पाहा.

नकाशा हाती आला की तो आजच्या उपग्रह चित्रावर बसवा. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. जुळणीसाठी किमान चार, शक्यतो सहा ठिकाणं घ्या. देऊळ, दगडी बांधकामाची विहीर, रेल्वेची मोरी, जुन्या रस्त्यांचा तिठा ही भरवशाची. ओढ्याचं वळण किंवा झाड घेऊ नका, दोन्ही बदलतात. ठिकाणं चारही कोपऱ्यांत पसरलेली हवीत. सगळी एका रस्त्याच्या रेषेत घेतलीत तर नकाशा त्या रेषेवर तंतोतंत बसेल आणि बाजूला शंभर-दीडशे मीटर सरकेल. उपग्रह चित्र उन्हाळ्यातलं निवडा. ऊस उभा असताना खालचं काही दिसत नाही.

शेतात चौकोनी पोटहिस्से पडतात, पण वळणाची खूण बहुधा मागे राहते. धावेची जमीन वर्षानुवर्षं दगड वेचून आणि मुरूम टाकून दाबलेली असते. तिथे पीक नीट येत नाही, मग तोच पट्टा गाडीवाट किंवा बांध म्हणून राहतो. सरळसोट बांधांच्या रानात मध्येच एखादी वाट काही कारण नसताना मोठ्या कमानीत वळत असेल, तर ती कमान मोजा. कमानीची दोन टोकं जोडणारी सरळ रेषा आणि कमानीचा फुगवटा (त्या रेषेच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर) घेतला की त्रिज्या निघते : अर्ध्या रेषेचा वर्ग भागिले फुगवट्याची दुप्पट, अधिक अर्धा फुगवटा. उदाहरणार्थ, रेषा २०० मीटर आणि फुगवटा ४० मीटर असेल तर १०,००० भागिले ८० म्हणजे १२५, अधिक २०, एकूण १४५ मीटर. हे वळण घोड्याचं असू शकतं. उत्तर ३० मीटर आलं तर ती बैलगाडीची वाट आहे.

जागेवर फर्लांगाचा दगड मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. मैल-फर्लांग होते तोवर साध्या सडकांवरही फर्लांगाचे दगड असत. कोणीतरी तो रस्त्यावरून उचलून बांधाला लावलेला असू शकतो. त्यापेक्षा प्रेक्षकांच्या स्टँडचं जोतं, घोड्यांना पाणी पाजायची लांब दगडी डोणी आणि तबेल्याची विहीर या खुणा जास्त बोलक्या. स्टँड बहुतेक पश्चिमेला शोधा. शर्यती दुपारनंतर होत आणि राजेसाहेबांच्या डोळ्यांवर ऊन येणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

‘कधी बंद झालं’ याचं उत्तर महसुली दप्तरात अर्धंच मिळतं. जमीन कधी वाटली गेली ते फेरफारात दिसेल, शर्यती मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलेल्या असतात. त्यासाठी संस्थानचे वार्षिक अहवाल आणि पागेचे हिशेब पाहा. विलीन संस्थानांचं बरंच दप्तर पुराभिलेख खात्याकडे आहे. कोल्हापूर आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत चौकशी करा. इंग्रज सरकारशी झालेला पत्रव्यवहार मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पाहावा. दादरहून तो तुम्हाला सोयीचा, म्हणून तिथूनच आरंभ करा. गाव छावणीचं असेल तर रस्ता वेगळा : छावणीच्या जमिनी संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये असतात, तहसीलदाराकडे नाही.

तारखांचा अंदाज बांधताना तीन टप्पे डोक्यात ठेवा. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात रेसकोर्सना लायसन्स घेण्याचा कायदा आला. पैज लावूनच ज्यांचा खर्च निघत होता अशा लहान मैदानांना तो जड गेला. १९३० च्या दशकात लष्कराचे घोडे जाऊन मोटारी येऊ लागल्या, तसे घोडा बाळगणारे अधिकारी कमी झाले. १९४८-४९ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि पागेचा खर्च बंद पडला. मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) आणि चाबुकस्वार (घोडे शिकवणारे) दुसऱ्या कामाला लागले. ज्या गावात त्यांची घरं अजून आहेत तिथे त्यांच्याकडे आधी जा. कोणत्या बाजूने घोडे सुटत आणि कुठे थांबत हे त्यांच्या घरी सांगितलं जातं, ते कुठल्याच आकारबंदात नसतं. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून, तारीख घालून ठेवा. प्लॉट पडत आहेत म्हणता, तर जोतं आणि डोणीचे फोटो पट्टी ठेवून याच महिन्यात काढा.

प्रश्न : आमच्याकडच्या मैदानाला कोणी रेसकोर्स म्हणतं, कोणी पोलोचं मैदान. फरक कसा ओळखावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : क्षेत्रावरून. पोलोचं मैदान ३०० यार्ड लांब आणि २०० यार्ड रुंद, म्हणजे साधारण साडेबारा एकर, आणि आयताकृती. रेसकोर्स त्याच्या चौपट. दोन्ही नावं एकाच जागेला असतील तर कोणी खोटं बोलतं असं नाही. फेऱ्याच्या आतल्या मोकळ्या जागेत पोलो खेळण्याची पद्धत होती. कवायतीच्या मैदानाचा घोळ मात्र खरा आहे. छावणीच्या नकाशावर दोन्ही शेजारी असतात, म्हणून नाव कोणत्या रेषेच्या आत लिहिलंय ते बारकाईने पाहा.

प्रश्न : महालक्ष्मीचं रेसकोर्सही भायखळ्यासारखं जाणार का? (एक वाचक, वरळी)

उत्तर : पूर्ण जाणार नाही, पण पूर्वीसारखं राहणारही नाही. १९१४ च्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली. २०२४ मध्ये झालेल्या निर्णयानुसार १२० एकर जागा महापालिकेच्या सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे, अशी विभागणी आहे. धाव कायम आहे. १९४३ पासूनची इंडियन डर्बी २४०० मीटरची, तेव्हा तेवढा सलग फेरा टिकणं ही मुख्य गोष्ट. सामान्य माणसाला ही जागा मोकळी मिळावी हे योग्यच आहे. फक्त उद्यानाचं काम करताना फेऱ्यावर कायमचं बांधकाम येऊ नये, एवढं नागरिकांनी आराखडे पाहून आग्रहाने सांगायला हवं.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत शर्यतीचं एक जुनं इंग्रजी पत्रक मिळालं. त्यावर ‘आर. सी. अँड अ डिस्टन्स’, ‘९ स्टोन ४ पौंड’, ‘१४.१ हँड्स’, ‘२५ जी. एम.’ असं आहे. अर्थ काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ‘आर. सी.’ म्हणजे पूर्ण मैदानाला एक फेरा. ‘डिस्टन्स’ हे इथे ठरलेलं माप आहे, २४० यार्ड, सुमारे २१९ मीटर. विजयखांबाच्या २४० यार्ड अलीकडे दुसरा खांब असे. एकच शर्यत त्याच घोड्यांनी पुन्हा पुन्हा, दोन-तीनदा (इंग्रजीत ‘हीट’) धावायची पद्धत होती, तेव्हा पहिला घोडा विजयखांबाला पोचला त्या क्षणी जो घोडा या दुसऱ्या खांबापर्यंतही आला नसेल तो पुढच्या हीटमधून बाद. म्हणून तुमच्या पत्रकावरची शर्यत एक फेरा अधिक २४० यार्डांची होती. मैदान कोणतं ते पत्रकावर असेल आणि शर्यतीचं एकूण अंतर कुठे मैल-फर्लांगात दिलेलं असेल, तर त्यातून २४० यार्ड वजा करा. मैदानाचा घेर मिळतो. वरच्या दादरच्या वाचकांना असं एखादं पत्रक मिळालं तर त्यांचं निम्मं काम होईल.

‘९ स्टोन ४ पौंड’ हे घोड्यावरचं वजन, जॉकी आणि खोगीर धरून. एक स्टोन १४ पौंडांचा, म्हणजे १३० पौंड, ५९ किलो. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिसं घालून भरती करत. ‘हँड’ ४ इंचांचा आणि टिंबापुढचा आकडा इंचांचा असतो, दशांश नव्हे. म्हणजे १४.१ हे ५७ इंच, साधारण १४५ सेंटिमीटर, तेही डोक्यापर्यंत नाही, खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. अरबी घोड्याची ही नेहमीची उंची. ‘जी. एम.’ म्हणजे सोन्याची मोहर. ती १८३५ च्या नाण्यांच्या कायद्यात १५ रुपयांची होती, शर्यतीच्या हिशेबात १६ रुपयांचीही धरत. २५ मोहरा म्हणजे ३७५ ते ४०० रुपये.

पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत कागद आतल्या आत घामेजतो. सेलोटेप तर मुळीच लावू नका, काही वर्षांत त्याचा तपकिरी डाग अक्षरांवर उतरतो. आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे असतील तर ते खोडू नका. त्या दिवशीचा निकाल किंवा लावलेली पैज तिथेच लिहायची सवय होती.